भर सभेत गेलेली गरम पाण्याची पिशवी

मी एक जुनी गरम पाण्याची पिशवी आहे. माझा रंग कधीकाळी गडद लाल होता, आता त्याला विटकरी म्हणायलाही जीव धजत नाही. मानेजवळ एक बारीक चीर गेली आहे आणि त्या चिरेमुळे मला कामावरून कमी केलं आहे. पण मित्रांनो, तेवढ्यावरून मला टाकाऊ समजू नका. मी पुष्कळ पोटांवर बसले आहे आणि एकदा तर सहा मोठ्या माणसांच्या डोळ्यांदेखत, भर सभेत, एका मुलीच्या मांडीवर बसले आहे. अशी कामगिरी आमच्या कुळात दुसऱ्या कुणाच्या नावावर असेल असं मला वाटत नाही. असलीच तर तिने पुढे यावं.

माझा जन्म रबराच्या कारखान्यात झाला. साच्यात घालून दाबून माझ्या दोन्ही बाजू एक केल्या. आत असा काही उकाडा होता की त्यानंतर मला कुठल्याच पाण्याची भीती वाटली नाही. मग आमची परीक्षा झाली. हवा भरून आम्हांला पाण्याच्या टाकीत बुडवत आणि एक जरी बुडबुडा आला तरी नापास करत. बुडवणारी बाई दंडापर्यंत हातमोजे घालून उभी असे. माझी वेळ आली तेव्हा ती शेजारणीला आपल्या सुनेचे पराक्रम सांगत होती, तरी तिची नजर टाकीवरून हलली नाही. मी पास झाले. माझ्या गळ्याखाली एक छोटं फूल उमटवलेलं आहे आणि त्याच्या पाकळ्यांवर माझ्या जन्माचं वर्ष आणि महिना आहे. त्या फुलाचा मला उगाचच अभिमान वाटायचा. ते नक्षीसाठी नसून मी केव्हा म्हातारी होणार हे कळावं म्हणून आहे, हे मला फार उशिरा समजलं.

औषधांच्या दुकानात मी सहा महिने खोकल्याच्या बाटल्यांमागे पडून होते. मग एक आई आली. तिची धाकटी मुलगी शिकायला परदेशी निघाली होती. आईने मला दाबून पाहिलं, बूच फिरवून पाहिलं, हुंगूनसुद्धा पाहिलं. घरी नेल्यावर तिने थोरल्या मुलाच्या स्वेटरची बाही कापून माझ्यासाठी कव्हर शिवलं.

"आई, चांगला होता ना गं तो स्वेटर!" दादा कळवळला.

"स्वेटर चांगलाच आहे. तुझं पोट त्यात मावत नाही, त्याला मी काय करू?"

आईने मला सुटकेसच्या अगदी तळाशी, कपड्यांच्या चार घड्यांखाली ठेवलं. धाकटीला म्हणाली, "दुखायला लागलं की घे. पण चारचौघांत काढत बसू नकोस." यात आईचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. तिच्या आईने तिला हेच सांगितलं होतं आणि तेही पिशवी न देता.

परदेशात आमचा मुक्काम एका मोठ्या वसतिगृहात होता. लांब बोळ, दोन्ही बाजूंना दारं, आणि प्रत्येक दारामागे वेगळ्या देशातून आलेली एक मुलगी. त्या आपसांत कुठल्या भाषेत बोलत ते मला विचारू नका. रबराला सगळं सारखंच ऐकू येतं. खोलीत किटली वापरायला बंदी होती, त्यामुळे धाकटीला मला भरण्यासाठी तळमजल्यावरच्या लाँड्रीत यावं लागे. तिथे भिंतीवर गरम पाण्याचा मोठा बॉयलर होता. धाकटी मला धुण्याच्या ढिगात दडवून खाली न्यायची आणि टॉवेलात गुंडाळून वर आणायची. चोरीचा माल बरा, इतकी माझी लपवाछपवी चालायची.

एकदा शेजारच्या खोलीतली मुलगी कात्री मागायला आली. धाकटी तिला नुसतं 'शेजारीण' म्हणायची, म्हणून मीही तेच म्हणते. शेजारीण रसायनशास्त्र शिकत होती. उंच, हडकुळी, बोटांवर नेहमी कसले तरी पिवळे डाग. तिला मी पलंगावर दिसले.

"हे काय गं?" तिने विचारलं.

"पाठ दुखते माझी," धाकटी म्हणाली.

"हो का? माझीही दुखते अधूनमधून," शेजारीण म्हणाली.

दोघी एकमेकींकडे पाहून हसल्या आणि दोघीही धडधडीत खोटं बोलल्या. मला मनस्वी राग आला. जन्मभर पोटासाठी झटायचं आणि नाव मात्र पाठीचं! शिवाय आमच्या दोन खोल्यांमधली भिंत पातळ होती. दर महिन्याला दोन दिवस शेजारणीचा पलंग करकरायचा आणि ती उशीत तोंड खुपसून कण्हायची, ते मला आणि धाकटीला स्पष्ट ऐकू यायचं. धाकटी आपल्या बाजूला मला पोटाशी धरून पडलेली असायची. मध्ये चार बोटांची भिंत आणि दोघींचं एकच दुखणं, पण हाक कुणी मारली नाही.

आता गंमत ऐका. धाकटी शिकत होती तो विषय होता रचनेचा. माणसांना लागणाऱ्या वस्तू आणि सोयी कशा असाव्यात, हे आखण्याचा. तिच्या प्राध्यापकांनी चौघींच्या गटाला काम दिलं: बाहेरच्या देशांतून आलेल्या मुलींना पाळीच्या दिवसांत मदत मिळेल अशी सोय आखा. झालं! महिनाभर चौघी आमच्या खोलीत पलंगावर बसून खल करत होत्या आणि मी त्याच पलंगाखाली सुटकेसमागे पडून सगळं ऐकत होते. त्यांनी एकतीस प्रश्नांचा कागद काढून दारोदार वाटला. मग वसतिगृहाच्या मुख्य दाराशी, सगळ्यांच्या नजरेसमोर, काचेचं एक सुंदर कपाट उभं केलं. आत दिवा, पॅडच्या रचलेल्या पेट्या, दुखण्याच्या गोळ्या. कपाटाला एक वहीही बांधली. नाव, खोली क्रमांक, काय घेतलं, सही. यात लाजण्यासारखं काही नाही हे दिसलं पाहिजे, म्हणून हा सगळा उजेड.

तीन आठवड्यांत त्या कपाटातून एकच वस्तू गेली. पहारेकऱ्याच्या खोलीचं दार वाऱ्याने आपटायचं, ते थांबवायला त्याने एक पॅड नेऊन फटीत कोंबलं. प्रामाणिक माणूस. त्याने वहीत सहीसुद्धा केली.

धाकटीचं तोंड एवढंसं झालं. त्यातच एका रविवारी सकाळी तिचं पोट दुखायला लागलं आणि ती मला ढिगात दडवून लाँड्रीत आली. लाँड्रीची देखभाल एका मावशीकडे होती. ठेंगणी, हातात सतत फडकं, आणि यंत्रांवर पोटच्या लेकरांसारखा जीव. धाकटी पाठमोरी उभी राहून मला भरत होती तेवढ्यात मावशी मागे येऊन थांबल्या.

"काय लपवतेस?"

"काही नाही मावशी. पाठ जरा..."

"मला तीन मुली आहेत. पाठ कुठे असते ते मला माहीत आहे."

धाकटीचे कान लाल झाले. मावशींनी फडकं खांद्यावर टाकलं. "ते दाराजवळचं काचेचं कपाट तुमचंच ना? छान आहे. दागिन्यांच्या दुकानात आल्यासारखं वाटतं. तू घेतलंस का त्यातलं काही?"

"मी? नाही. ते गरजू मुलींसाठी आहे."

"आणि तू कोण?"

मी भरत आले, वरून पाणी सांडलं, तरी धाकटीला नळ बंद करायचं सुचलं नाही. एकतीस प्रश्न तिने काढले होते, पण हा बत्तिसावा तिला स्वतःलाच विचारायचा राहून गेला होता. इतरांसाठी काचेचं कपाट आणि स्वतःची पिशवी पलंगाखाली!

"हे यंत्र चाळीस मिनिटं घेतं," मावशी म्हणाल्या. "चाळीस मिनिटं पोरी इथे नुसत्या बसून असतात आणि काय काय बोलतात म्हणून सांगू! तुम्ही कागद वाटत फिरलात. इथे येऊन बसायचं की जरा."

धाकटी बसली. मला टॉवेलात न गुंडाळता, सरळ पोटाशी धरून बसली. समोर लाँड्रीतली एकुलती एक खुर्ची अडवून एक मुलगी बसली होती. ती कायम तीच खुर्ची पकडायची, म्हणून सगळ्या तिला 'खुर्चीवाली' म्हणत. तिने माझ्याकडे पाहिलं.

"दुखतंय?"

"हो," धाकटी म्हणाली. "पाळी आलीये."

आभाळ कोसळलं नाही. यंत्र गरगरत राहिलं. खुर्चीवाली उठली आणि तिने आपली खुर्ची धाकटीला दिली. त्या खोलीत ही घटना पूर्वी कधीच घडली नव्हती, असं मावशी आजही सांगतात.

मग जे सुरू झालं ते थांबेना. खुर्चीवाली म्हणाली, "पॅड कसले ठेवता गं, मी कापड वापरते. आमच्याकडे सगळ्याच वापरतात. पण वाळवू कुठे? बाल्कनीत कपडे घालायला बंदी. पलंगाखाली वाळवते, ओलसरच राहतात, मग खाज सुटते." कोपऱ्यातली एक म्हणाली, "मी पाळीचा कप वापरते. बेसिन सगळी बाहेर, एका ओळीत. धुवायचा कुठे तो? लोक दात घासत असतात तिथे?" आणखी एकीला दवाखान्यात फोन करायचीच धास्ती होती, कारण पलीकडची बाई इतकं भराभर बोलायची की हिची वाक्यं घशातच विरून जायची. धाकटीने साबणाच्या खोक्याच्या पाठीवर लिहायला सुरुवात केली आणि खोकं भरलं. एकतीस प्रश्नांत यातलं एकही नव्हतं.

पुढचे पंधरा दिवस लाँड्रीत नुसती धमाल चालली होती. काचेचं कपाट मुलींनी उचलून खाली आणलं आणि कपडे सुकवायच्या यंत्राच्या आडोशाला लावलं. काचेवर जुनी चादर टांगली. वही फाडून रद्दीत टाकली. गच्चीची किल्ली मावशींकडे होती. उन्हाच्या बाजूला एक दोरी बांधली, आणि खुर्चीवालीचे कापडाचे तुकडे पहिल्यांदाच कडकडीत वाळले. चौथ्या मजल्यावर झाडू ठेवायची एक खोली होती, आतच बेसिन असलेली. तिला कडी बसवली. जिला दवाखान्यात जायचं असेल तिच्यासोबत ठरलेल्या दोघींपैकी एक जायची, आणि त्या दोघी दर आठवड्याला बदलायच्या. एक कागदही तयार केला. त्यावर माणसाच्या शरीराची साधी आकृती आणि खाली मागच्या तीन महिन्यांचे चौकोन. कुठे दुखतं, किती दुखतं, दिवसातून किती वेळा बदलावं लागतं, एवढंच भरायचं. म्हणजे भाषा अडली तरी डॉक्टरांपुढे कागद सरकवता येतो.

आणि मी? मला बॉयलरजवळच्या खिळ्यावर टांगलं. जिला हवी तिने न्यावी, विचारायचं नाही. नेताना खिळ्यावर कपड्यांचा चिमटा लावायचा. पिवळा म्हणजे मी पहिल्या मजल्यावर, निळा म्हणजे दुसऱ्या. धाकटीने मला असं सगळ्यांना देऊन टाकलं तेव्हा वाईट वाटलं का? वाटलं. खोटं कशाला बोलू. पण आठवड्याभरात चार पोटं निवांत झाली आणि मग रुसायला सवडच मिळाली नाही.

फक्त शेजारीण लाँड्रीत यायची, धुणं टाकायची आणि निघून जायची.

मग एका दुपारी भिंतीपलीकडून कण्हणं आलं आणि त्याच्या मागोमाग रडणं. धाकटी तडक खाली गेली, मला भरून घेतलं आणि शेजारणीचं दार वाजवलं.

"मी तुझ्याशी खोटं बोलले होते," ती दारातच म्हणाली. "माझी पाठ दुखत नाही. कधीच दुखली नव्हती."

शेजारणीने मला घेतलं आणि छातीशीच धरलं. "माझीही नाही," ती म्हणाली आणि हमसून हमसून रडायला लागली.

टेबलावर एक पत्र पडलं होतं. प्रयोगशाळेत तीन वेळा गैरहजर राहिल्यास जागा रद्द होऊ शकते, असा नियम होता. शेजारीण तीनदा गैरहजर होती. तिसऱ्या वेळी तर ती गेली होती, पण तासाभरात घेरी आली म्हणून बाहेर पडली आणि पुढच्या हजेरीला सापडली नाही. चार आठवड्यांनी समितीपुढे हजर व्हा, असं पत्रात होतं. जागा गेली की व्हिसा जाणार, व्हिसा गेला की थेट घरी.

"ताई माझ्यासाठी घरी थांबली गं," शेजारीण म्हणाली. "हुशार तीच जास्त होती. म्हणाली, एकीलाच जाता येतंय तर तू जा. आता तिला काय तोंड दाखवू? पोट दुखतं म्हणून परत आले?"

धाकटीने पत्र दोनदा वाचलं. "तू त्यांना कारण का नाही कळवलंस?"

शेजारणीने गैरहजेरीचा फॉर्म पुढे केला. कारणांसाठी तीन चौकोन होते: ताप, अपघात, घरातला मृत्यू. "सांग, कुठे खूण करू?"

त्या दिवसापासून लाँड्रीला दुसरा विषय उरला नाही. डॉक्टरांची वेळ मिळवायला खुर्चीवालीने तीन दिवस फोन लावला. जायच्या दिवशी शेजारीण तो तीन महिन्यांचा कागद भरायला बसली तेव्हा कळलं की तिला तो भरायची गरजच नव्हती. तिच्या प्रयोगाच्या वहीच्या समासात बारीक पेन्सिलीने पाच महिन्यांच्या नोंदी होत्या. तारीख, वेळ, दुखण्याला दहापैकी किती गुण, किती पॅड बदलली, घेरी आली की नाही. रसायनांच्या नोंदी ठेवता ठेवता तिने आपल्या वेदनेच्याही ठेवल्या होत्या आणि कुणाला दाखवल्या नव्हत्या.

दवाखान्यात मी गेले नव्हते. पण खुर्चीवालीने त्या भेटीची नक्कल लाँड्रीत इतक्यांदा करून दाखवली की मला ती तोंडपाठ आहे. डॉक्टर मान वर न करता म्हणाले, "या वयात सगळ्यांचंच दुखतं." तेव्हा खुर्चीवालीने वही त्यांच्यापुढे सरकवली. "मग सगळ्यांचं असंच असतं का, तेवढं वाचून सांगा." डॉक्टरांनी पहिलं पान चाळलं. दुसरं वाचलं. तिसऱ्या पानाला त्यांनी खुर्ची पुढे ओढली. मग त्यांनी सांगितलं की गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर कधी कधी बाहेरही वाढतं, त्याने असा त्रास होऊ शकतो, त्यावर उपचार असतात आणि नक्की काय ते पाहायला तपासण्या करू. शेजारणीने विचारलं, "म्हणजे मी नाटक करत नाहीये?" डॉक्टर म्हणाले, "अजिबात नाही. उलट तुम्ही फार सहन केलंत." नक्कल इथवर आली की खुर्चीवाली दर वेळी डॉक्टरांचा आवाज सोडून स्वतःच्या आवाजात बोलायची.

समितीची तारीख आली आणि ती नेमकी पाळीच्या दुसऱ्या दिवशी आली. शेजारीण पांढरीफटक पडली होती. तारीख पुढे ढकलता येईल का, असं धाकटीने विचारलं, तर ती म्हणाली, "नको. आजच बघू दे त्यांना." मावशींनी मला स्वतःच्या हाताने भरलं, आतली हवा दाबून काढली, बूच घट्ट आवळलं आणि स्वेटरच्या बाहीचं कव्हर चढवलं.

कचेरीच्या दाराशी कारकुनाने आम्हांला अडवलं. "ती वस्तू बाहेर ठेवा."

"ठेवते," शेजारीण म्हणाली. "पण मग मलाही बाहेरच बसावं लागेल. आतले लोक बाहेर येणार असतील तर माझी हरकत नाही."

"येऊ द्या त्यांना," आतून आवाज आला.

लांबलचक टेबल, पलीकडे सहा जण. मधोमध अध्यक्षबाई, आखूड पांढरे केस, हातात टोक काढलेली पेन्सिल. शेजारीण बसली, मी तिच्या मांडीवर. सहाही जणांनी आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग चौघांनी घाईघाईने समोरच्या कागदांकडे पाहिलं. मी मात्र कुणाकडेही ढुंकून पाहिलं नाही. मला माझं काम होतं. मला जाणवत होतं की तिचं पोट आतून पिळवटतं आहे. मी होती नव्हती तेवढी सगळी ऊब तिला दिली.

"हे आधी का नाही कळवलंत?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"बाई, फॉर्मवर ताप, अपघात आणि मृत्यू एवढंच आहे. मला ताप नव्हता. आणि मी जिवंत आहे."

एका सदस्याने घसा खाकरला. "हे पाहा, आम्हांला सहानुभूती आहे. पण नियम सगळ्यांना सारखा आहे."

"सर, नियम सारखा आहे," शेजारीण म्हणाली. "पोट सारखं नाहीये." मग तिचा आवाज ठाम झाला. "मला प्रयोग माफ नको आहेत. तिन्ही प्रयोग मी करीन. कुठल्याही शनिवारी सांगा, मी उभी राहीन. फक्त या दोन दिवसांत मला आळशी समजू नका."

अध्यक्षबाईंनी तिची वही ओढून घेतली. डॉक्टरांचं पत्र त्यांनी बाजूला ठेवलं आणि समासातल्या नोंदी वाचू लागल्या. बराच वेळ वाचत होत्या.

"प्रत्येक आकड्यापुढे वेळ लिहिली आहे."

"प्रयोगशाळेत तशी सवय लावतात, बाई."

"म्हणजे हजेरी कमी भरली तरी शिक्षण झालेलं दिसतंय," अध्यक्षबाई म्हणाल्या, आणि पेन्सिल खाली ठेवली.

मग धाकटीला आत बोलावलं. तिने सत्तावीस मुलींचे तीन-तीन महिन्यांचे कागद टेबलावर ठेवले. ते चाळता चाळता एक सदस्य म्हणाले, "यावर नावं नाहीत. खरे कशावरून मानायचे?"

"आधी मी नावं मागितली होती, सर," धाकटी म्हणाली. "तेव्हा एकही मुलगी आली नाही. नाव मागायचं थांबवलं तेव्हा सत्तावीस आल्या. त्या सगळ्या आत्ता बाहेर उभ्या आहेत. हवं तर मोजून घ्या."

कारकुनाने दार किलकिलं केलं आणि लगेच लावून घेतलं. "सत्तावीस नाहीत," तो म्हणाला. "जास्तच आहेत. आणि एक बाई आहेत, हातात फडकं असलेल्या."

आम्हांला दहा मिनिटं बाहेर थांबवलं. बोळात पोरी खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या. माझं पाणी आता कोमट झालं होतं. शेजारीण मला धरून भिंतीला टेकली होती. तिच्या ओठांवरून मला कळलं की ती मनातल्या मनात ताईशी बोलते आहे.

दार उघडलं आणि अध्यक्षबाई स्वतः बाहेर आल्या. त्यांनी निकाल उभ्यानेच सांगितला. शेजारणीची जागा कायम. राहिलेले प्रयोग तिने शनिवारी करायचे. आणि हे फक्त तिच्यापुरतं नाही.

"फॉर्मवर चौथा चौकोन घालायचा का, बाई?" कारकुनाने विचारलं.

"नाही. चौकोनच काढून टाका," अध्यक्षबाई म्हणाल्या. "महिन्यातले दोन दिवस. कारण विचारायचं नाही. प्रयोग नंतर करून घ्यायचे."

मित्रांनो, त्यानंतर जो ओरडा झाला तो मी काय सांगू! कचेरीच्या बोळात एवढा आवाज पूर्वी झाला नसेल. कुणी रडत होतं, कुणी उड्या मारत होतं, खुर्चीवालीने कारकुनाचे दोन्ही हात धरून त्याला गरागरा फिरवलं आणि तो बिचारा "अहो, अहो" करत फिरलाही. शेजारणीने मला दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरलं. स्वेटरच्या बाहीतली, लाल रबराची, पोटासाठी जन्मलेली मी, त्या सगळ्यांच्या वर होते आणि खालून माझ्यासाठी टाळ्या वाजत होत्या. मला आनंद झाला. इतका झाला की आणखी काय सांगावं ते कळत नाही. लाँड्रीत परतल्यावर मावशींनी हयातीत पहिल्यांदा भर दिवसा सगळी यंत्रं बंद ठेवली. "आज धुणं नाही," म्हणाल्या. शेजारणीने ताईला फोन लावला आणि दोघी बहिणी अर्धा तास एकाच वेळी बोलत राहिल्या.

धाकटीचे प्राध्यापक काम तपासायला लाँड्रीत आले. इकडेतिकडे पाहून म्हणाले, "तुमची रचना कुठे आहे?" मावशी म्हणाल्या, "तुम्ही बसलात ना, तीच खुर्ची. आजारी असेल तिला ती द्यायची, हे इथं ठरलंय. उठा आता." प्राध्यापक उठले आणि हसत हसत उभ्यानेच त्यांनी सगळं तपासलं. पुढे दुसऱ्या वसतिगृहांतल्या मुली येऊन दोरी, चिमटे, कागद सगळं पाहून गेल्या. आता तशा सात लाँड्र्या आहेत असं ऐकते.

माझं म्हणाल तर शेवटी एका घाईच्या मुलीने मला नको तसं भरलं. उकळतं पाणी ओतलं, गळ्यापर्यंत भरलं आणि घडी घालून वर बसली. तेव्हा ही चीर गेली. माझ्या गळ्याखालचं फूल पाहून मावशी म्हणाल्या की तसंही माझं वय झालंच होतं. आता माझ्या खिळ्याशेजारी नऊ नव्या पिशव्या टांगलेल्या असतात. धाकटी शिकून आईकडे परत गेली. जाताना तिने मला नेलं नाही, याचं आधी मला फार लागलं. मग एका नव्या मुलीने माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "ही कोण?" आणि खुर्चीवालीने तिला शेजारी बसवून सगळी हकिकत सांगितली. तेव्हापासून माझी काही तक्रार नाही.

म्हणून मित्रांनो, माझं दोनच गोष्टींचं मागणं आहे. आमच्यापैकी कुणी तुमच्या घरी असेल तर तिला जपा. उकळतं पाणी घालू नका, पाऊणच भरा, हवा काढा, कापडात गुंडाळा आणि फुलावरची तारीख अधूनमधून बघा. दुसरं मागणं मुलग्यांनीही ऐकावं. तुमची बहीण, मैत्रीण किंवा वर्गातली कुणी पोट धरून बसलेली दिसली, तर तिला कारण सांगायला लावू नका. आधी खुर्ची द्या.

शेजारणीवर उपचार झाले. तिचं दुखणं पूर्ण गेलं नाही, पण त्याला नाव मिळालं, औषध मिळालं आणि ते तिच्या आटोक्यात आलं. तिन्ही प्रयोग तिने शनिवारी पुरे केले. आज ती त्याच प्रयोगशाळेत शिकवते. दर वर्षी पहिल्या दिवशी ती नव्या मुलामुलींना उभं करून नियम सांगते. काचेचं भांडं कसं धरायचं, आम्ल पाण्यात कसं सावकाश सोडायचं, आणि पाळीत पोट दुखलं तर कुणाचीही परवानगी न घेता बाहेर कसं जायचं. हे सगळं ती एकाच आवाजात सांगते आणि समोरची मुलं-मुली ते एकाच वहीत लिहून घेतात.